चौथं शील आणि दुसरा गिअर

धर्मपाल ओव्हाळांना मोटार चालवता येत नव्हती, पण धुता उत्तम यायची. दापोडीच्या घरी त्यांनी एकोणतीस वर्षं एकच स्कूटर वापरली आणि ती रोज सकाळी बादलीभर पाणी आणि जुन्या बनियनचं फडकं घेऊन पुसली. विकली तेव्हा घेणाऱ्याचा कागदावरच्या सालावर विश्वास बसेना. असा माणूस मेलबर्नच्या पश्चिमेला, वेरिबीत, मुलीच्या दारात उभ्या असलेल्या पंधरा वर्षं जुन्या धुळकट जर्मन स्टेशन वॅगनकडे बघत नुसता बसून राहील, हे शक्यच नव्हतं.

आले होते तीन महिन्यांसाठी. फेब्रुवारी २०२० मध्ये उतरले, मे महिन्यात परत जायचं तिकीट खिशात होतं. मार्चच्या सुरुवातीला जावई धम्मदीप आजारी आईला बघायला दहा दिवसांसाठी पुण्याला गेला आणि तो तिकडे असतानाच ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. धम्मदीप आणि करुणा दोघांचा व्हिसा तात्पुरता होता, त्यामुळे त्याला परत येता येईना. सासऱ्यांची विमानं एकामागून एक रद्द होत गेली, त्यामुळे त्यांना जाता येईना. ज्याचं घर तो बाहेर आणि जो पाहुणा तो आत, असा सगळा उलटा कारभार होऊन बसला.

ऑगस्टमध्ये मेलबर्नचा लॉकडाउन आणखी आवळला. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, व्यायामाला दिवसातून एक तास, आणि रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी. धर्मपाल तो एक तास गल्लीत घालवायचे. गल्लीही अशी, की एका टोकाने शिरायचं आणि दुसरं टोक बंद. त्या बंद टोकाला असलेल्या पत्र्याच्या कुंपणाला हात लावून ते मागे वळत. पंधरा-वीस फेऱ्या झाल्या की एखाद्या खिडकीतून हात हलायचा, तेही हलवायचे. एवढंच त्यांचं सार्वजनिक आयुष्य उरलं होतं. पुण्यात ज्या माणसाने आयुष्यभर रस्ते खणले त्याला इथे रस्ता पाच मिनिटांत संपत होता, आणि त्याचा त्यांना मनापासून राग यायचा.

रस्ते खणले म्हणजे खरोखरच खणले. धर्मपाल टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर होते. मजूर म्हणून लागले आणि पुढे जोडकामात असा हात बसला की अवघड फॉल्ट असला की साहेब लोक आधी ओव्हाळ कुठे आहेत ते विचारत. खड्ड्यात उतरायचं, शिशाचं वेष्टण कापायचं, आतल्या शेकडो तारा बोटांनी सोडवायच्या. तारांवर कागद गुंडाळलेला असायचा. त्या कागदाचा तुकडा गरम मेणात बुडवायचा. तडतडला तर आत पाणी आहे. नव्या पोरांना ते एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायचे. केबलमध्ये पाणी शिरतं एका जागी आणि बोंब होते दुसऱ्याच जागी. जिथे बोंब झाली तिथेच खणत बसाल तर आयुष्यभर खणाल.

घरात आणखी एक नेम होता. आषाढ पौर्णिमेला बौद्धांचा तीन महिन्यांचा वर्षावास सुरू झाला तेव्हापासून ऑस्ट्रेलियातली पंचवीसेक बौद्ध मराठी घरं रोज संध्याकाळी आठला झूमवर जमून ग्रंथवाचन करायची. संचारबंदीही आठलाच लागायची, त्यामुळे मेलबर्नवाल्यांना सबब सांगायला जागा नव्हती. कॅनबेराजवळच्या गुंगालिनहून चित्रलेखाताई सगळं जमवून आणायच्या. पुण्याहून धम्मदीपही यायचा. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असायचे. वाचनाआधी त्रिसरण-पंचशील होई, आणि वयाने मोठे म्हणून ते सांगायचा मान धर्मपालांना. सगळ्यांनी एकदम म्हटलं की झूमवर नुसता गलका होतो, म्हणून रोज एकाच घराचा माइक चालू राहायचा. धर्मपालांनी एक ओळ म्हणायची, त्या घराने ती परत म्हणायची आणि बाकीच्यांनी आपापल्या घरात ओठ हलवायचे.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, एका सकाळी, गाडी बाहेरून इतकी चकचकीत झाली होती की धर्मपालांना पुसायला काही उरलं नाही. म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. आत पंधरा वर्षांचा चिखल, वाळलेली पानं आणि एक मेलेलं फुलपाखरू. त्यांनी बागेचा पाइप ओढून आणला आणि आतून सगळं स्वच्छ करून टाकलं. फार समाधान वाटलं त्यांना. गेल्या कित्येक आठवड्यांत आपण काहीतरी काम केलंय, असं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं.

दोनच दिवसांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकली. ऑटोमॅटिक गाडी, गिअर आपले आपण बदलायचे, ते बदलेनात. करुणा एका एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या निवासात, नर्स होती, घरापासून अठ्ठावीस किलोमीटरवर. कामावर जायचा परवाना तिच्याकडे होता, पण दुसऱ्या गिअरवर फ्रीवे गाठता येत नाही. तिने कुमारला फोन केला. कुमार मूळचा फिजीचा, जवळच गॅरेज चालवायचा आणि करुणाशी इंग्रजीत, धर्मपालांशी हिंदीत बोलायचा. त्याने कॉम्प्युटर लावून बघितलं, मग बॉनेटखालच्या काळ्या खोक्यातून हाताएवढी एक डबी बाहेर काढली. गिअर कधी बदलायचा हे ही डबी ठरवते; तिला तो मॉड्यूल म्हणत होता.

“अंदर गीला है, मेट,” तो म्हणाला. “कहीं से नमी गयी है. अंकल, पानी-वानी तो नहीं गया इसमें?”

धर्मपालांनी हात पाठीमागे घेतले. “नहीं, नहीं,” ते म्हणाले.

संध्याकाळी करुणानेही विचारलं. “बाबा, तुम्ही बॉनेट उघडलं होतं का?”

“मी कशाला उघडू?”

एवढंच. नंतर त्यांना स्वतःचं नवल वाटलं की खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात. त्या संध्याकाळी पंचशील सांगताना चौथ्या शीलापाशी, खोटं न बोलण्याच्या शीलापाशी, त्यांचा घसा बसला. चित्रलेखाताई म्हणाल्या, “काका, पाणी घ्या, थंडी फार आहे.”

मॉड्यूल दुरुस्तीला दुसऱ्या राज्यात गेलं. टपाल रखडलं होतं, तीन आठवडे लागतील असं कळलं. तीन आठवडे करुणा पहाटे पाच वाजले की घराबाहेर पडायची. एक बस, एक ट्रेन, पुन्हा बस. रिकाम्या डब्यात कुणी खोकलं की ती जागा बदलायची. त्या महिन्यात शहरातल्या वृद्धांच्या निवासांमधून रोज वाईट बातम्या येत होत्या आणि आपणच वाटेवरून काही घेऊन म्हाताऱ्यांपर्यंत पोचवू, ही भीती तिला झोपू देत नव्हती. घरी आली की आधी अंघोळ करायची, मग बाबांपासून दोन हात लांब बसून जेवायची, आणि मग आतल्या खोलीत जाऊन नवऱ्याशी भांडायची.

भांडण गाडीवरून होतं. म्हणजे गाडीचं नाव असायचं. “मी सांगत होते, ही जुनी गाडी नको. तू हट्टाने घेतलीस. फेब्रुवारीत गिअरबॉक्सखाली झोपून काय काय करत होतास, कुणास ठाऊक. आणि आता मी इथे बसने फिरतेय आणि तू आईच्या हातचं जेवतोयस.” पलीकडून काय उत्तर येई ते धर्मपालांना ऐकू यायचं नाही, पण ते छोटं असायचं. एकदा तिने विचारलं, “तुला परत यायचंय का खरंच?” त्यानंतर बराच वेळ खोलीत शांतता होती. धर्मपाल बाहेर सोफ्यावर बसून टीव्ही बंद असताना टीव्हीकडे बघत होते. आपल्या एका ‘नाही’पायी पोरीचा संसार उसवतोय, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. उठून दार ठोठावावं असं वाटलं आणि ते उठले नाहीत. कुठे जायला जागा असती तर ते तेव्हा निघूनही गेले असते, पण गल्ली बंद होती आणि आठ वाजून गेले होते.

सबंध दोन आठवडे त्यांनी हे सोसलं. म्हणजे करुणाने आणि धम्मदीपने सोसलं, यांनी नुसतं ऐकलं. विसाव्या तारखेला करुणाला सुट्टी होती. सकाळी चहा ओतून होताच ते उभ्या उभ्याच म्हणाले, “करुणा, गाडीत पाणी मी घातलं.”

“म्हणजे?”

“बॉनेट उघडून पाइपने धुतलं आतून. तू विचारलंस तेव्हा खोटं बोललो. कुमारशी पण.”

तिने कप खाली ठेवला. “बाबा, मी धम्मदीपला काय काय बोलले, माहितीये तुम्हाला?”

“माहितीये. भिंत पातळ आहे.”

ती आधी हसली आणि मग रडली, दोन्ही एकाच दमात. कोण कुठे चुकलं हे तिने काढलंच नाही. नुसतं म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार, दिवसभर कोंडून घातलंय तुम्हाला.” ती समजूत धर्मपालांना शिव्यांपेक्षा जास्त लागली. मग तिने पुण्याला फोन लावला, स्पीकरवर, आणि नवऱ्याची माफी मागितली. धर्मपालांनीही मागितली.

“जाऊ द्या बाबा, होतं असं,” धम्मदीप म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला. मोठ्या मनाचा मुलगा आहे, असं धर्मपालांना वाटलं.

घर हलकं झालं. आतल्या खोलीतून आता हसण्याचे आवाज यायचे. करुणाने बादली लपवून ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक फोनवर बाबांनी गाडीला अंघोळ घातल्याची गोष्ट रंगवून सांगितली. वेंटवर्थव्हिलच्या मैत्रिणीपासून पिंपरीच्या सासूपर्यंत सगळ्या हसल्या. धर्मपालांनी ते सगळं खाली मान घालून ऐकलं. बरंच वाटायचं त्यांना, खरं तर. चौथं शील आता घशातून सरळ खाली उतरत होतं.

महिनाअखेरीला मॉड्यूल दुरुस्त होऊन आलं. कुमारने बसवलं, गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणली. गिअर लोण्यासारखे पडत होते. पहिला दिवस छान गेला. तिसऱ्या दिवशी करुणा घरी आली ती पांढरीफटक पडून, आणि गाडीची किल्ली हातातून सोडेना.

“फ्रीवेवर होते बाबा. वीस मिनिटं नीट चालली आणि एकदम धक्का बसला, मग वेगच घेईना. मागे ट्रक होता. हॉर्नवर हॉर्न. कडेला घेतली, बंद करून परत सुरू केली, तर दुसऱ्याच्या वर जायलाच तयार नाही.”

कुमारला फोन केला तर तो घरात कोंडलेला. त्याच्या गॅरेजमध्ये आलेलं एक गिऱ्हाईक पॉझिटिव्ह निघालं होतं, त्यामुळे चौदा दिवस त्याला घराबाहेर पाऊल टाकायची बंदी. “मॉड्यूल वापस भेजना पड़ेगा, अंकल. रिपेअरवाले ने ठीक से किया नहीं होगा. फिर तीन हफ्ते.”

धर्मपाल त्या संध्याकाळी गाडीभोवती फिरत राहिले. आपण घातलेलं पाणी अजून कुठेतरी दबा धरून बसलंय असं त्यांना वाटत होतं. पण वीस मिनिटांचं कोडं सुटेना. सकाळी त्यांनी कुमारला परत फोन लावला.

“गाड़ी ठंडी है तब ठीक चलती है. गरम हुई तो बिगड़ती है. मॉड्यूल तो वही है. तो बीच में बदलता क्या है?”

“आप पहले क्या काम करते थे, अंकल?”

“टेलिफोन. केबल.”

“तो फिर देखो आप. बॅटरी निकाल के. मैं फोन पे हूँ. नो वरीज.”

आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी धर्मपालांना काम सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, बॅटरीची तार सोडवली, फ्यूज बघितले, गाडीच्या अंगाला जोडलेल्या तारेचा बोल्ट घट्ट आहे ना ते हाताने हलवून पाहिलं. सगळं ठीक. मग काळं खोकं उघडलं. पाण्याचा थेंब नव्हता. खोक्याचं झाकण रबराने पक्कं मिटत होतं, कडेला धुळीची सलग रेघ तशीच होती. त्या रेघेवरून पाणी गेलं असतं तर ती पुसली गेली असती. धर्मपाल त्या रेघेकडे बघतच राहिले. मग त्यांनी मॉड्यूलचा प्लग ओढून काढला. पितळी टाचण्या ओलसर चमकत होत्या. बोट लावलं, दोन बोटांत चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. पाणी नव्हतंच ते. तेल होतं, लालसर.

“कुमार, गिअरबॉक्स का तेल किस रंग का होता है?”

“लाल.”

गिअरबॉक्स खाली, हे खोकं वर, मध्ये चार फूट अंतर. तेल चढलं कुठून? हा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. धर्मपालांना नाही पडला. त्यांनी प्लगमागच्या वायरीचं आवरण चिमटीत धरून दाबलं आणि आतून एक लाल थेंब बाहेर आला. वायरीच्या आतून, तारांना धरून, तेल हळूहळू वर चढत होतं. गाडी तापली की पातळ व्हायचं आणि चढायचं. मॉड्यूल दहा वेळा दुरुस्त केलं असतं तरी दहा वेळा बिघडलं असतं. बोंब वर होती, शिरकाव खाली होता.

म्हणजे ते त्यांनी घातलेलं पाणी नव्हतं. हे कळलं तेव्हा धर्मपाल गाडीच्या टपावर हात टेकून उभे राहिले. चार आठवडे उराशी धरलेलं ओझं उतरलं होतं आणि त्यांना ओरडून करुणाला बोलवावंसं वाटत होतं. पण ती कामावर होती, आणि जॉइंटर माणूस फॉल्टची जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय वर निरोप देत नाही.

दुपारी करुणा बसने परत आली. धर्मपालांनी बॅटरी आणि प्लग परत जोडले होते; तिने गाडी धम्मदीपच्या लोखंडी रॅम्पवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि अंघोळीला गेली. धर्मपाल पाठीवर सरकत खाली शिरले. गिअरबॉक्सच्या कुशीत एक गोल प्लग होता, तेलाने माखलेला. फडक्याने पुसला. प्लगच्या कड्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे होते. पंधरा वर्षांचे नव्हेत. आतलं प्लास्टिक अजून स्वच्छ दिसत होतं. कडं शेवटपर्यंत फिरलेलं नव्हतं. त्यांनी ते सोडवलं, तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. आतली रबरी रिंग दुमडून बसली होती आणि दुमडल्या जागी कापली गेली होती. रिंग म्हातारी होऊन अशी होत नाही. कुणीतरी घाईत दाबून बसवली की होते.

फेब्रुवारीत या गाडीखाली एकच माणूस झोपला होता. गिअरबॉक्सचं तेल मी स्वतः बदललं, असं अभिमानाने त्यानेच सांगितलं होतं. तेव्हा धर्मपाल नुकतेच आले होते, त्यांनी टॉर्च धरला नव्हता इतकंच.

ते तसेच गाडीखाली पडून राहिले. वर लोखंड, खाली सिमेंट, मध्ये त्यांची छाती. करुणा बरोबर होती तर. दोन आठवडे ती नवऱ्याला जे बोलली ते खरं होतं, आणि ज्या कबुलीने घर सावरलं ती चुकीची होती. हे आता सांगावं तर आतल्या खोलीतली शांतता परत येणार. न सांगावं तर रोज आठ वाजता चौथं शील आहेच. पाणी घातलं हे तर खरंच होतं, त्यात खोटं काय, असंही त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. ते पटलं नाही.

“बाबा, सापडलं का काही?” दारातून करुणाने विचारलं.

“तेल गळतंय एका प्लगमधून. रबराची रिंग गेलीये. मागवावी लागेल.”

“आणि पाणी?”

“ते बघतो अजून,” धर्मपाल म्हणाले, आणि गाडीखाली असल्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर त्यांनी पुण्याला फोन लावला. तिकडे झोपेची वेळ होती की काय, ते त्यांनी बघितलं नाही. त्यांनी जे पाहिलं ते पाहिलं तसं सांगितलं, पकडीच्या ओरखड्यांसकट.

“मला माहिती होतं, बाबा,” धम्मदीप म्हणाला. “बसवतानाच जाणवलं होतं, रिंग दुमडली म्हणून. उद्या परत काढून नीट करू म्हटलं. तेवढ्यात आईचं कळलं, मी निघालो. गाडी बंद पडली तेव्हा लगेच ओळखलं मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“ती आधीच एवढी चिडली होती. आणि मग तुम्ही कबूल केलंत. मला बरं वाटलं, बाबा. खोटं नाही सांगत.”

धर्मपालांना असा राग आला की कानशिलं तापली. गेले कित्येक दिवस ते या मुलाच्या मोठ्या मनाचे गोडवे गात होते. पण शिवी ओठांवर येऊन थांबली, कारण त्यांचं स्वतःचं ‘मी कशाला उघडू’ त्यांना आठवलं. आजवर जावयाला ते अहो-जाहो करत आले होते. आता म्हणाले, “हे बघ धम्मदीप. मी तिला सांगणार नाही, ते तुझं काम आहे. पण तिने मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. एकदा बोललोय, पुरे झालं.”

“मला थोडा वेळ द्या.”

प्लग आणि रिंग यायला सात दिवस लागले. ते सात दिवस धर्मपालांना पाच महिन्यांहून लांब गेले. रोज संध्याकाळी झूमच्या चौकटीत धम्मदीप दिसायचा, नजर खाली. रोज करुणा त्याच्याशी हसून बोलायची. तिने पाण्याचं परत विचारलंच नाही. तिच्या लेखी ते प्रकरण मिटलं होतं, आणि ती चिडवत राहिली. “बाबांनीच बिघडवली, आता बाबाच दुरुस्त करतायत. घरचा मेकॅनिक.” फोनमधून धम्मदीपही हसला. ते हसू धर्मपालांच्या मनातून जाईना. ते गल्लीत फेऱ्या मारत, पत्र्याच्या कुंपणाला हात लावत आणि वळत.

सामान आलं. त्यांनी दोन्ही प्लग तारा साफ करायच्या फवाऱ्याने धुतले, वायरीच्या आवरणाला सगळ्यात खालच्या जागी ब्लेडने बारीक काप दिला, म्हणजे राहिलेलं तेल तिथून निथळून जाईल. शिशाच्या केबलला द्यायचे तसाच. रिंगला बोटाने तेल लावलं, सरळ बसवली आणि कडं शेवटच्या टकपर्यंत फिरवलं, पकड न लावता. गळालं तेवढं नवं तेल कुमारच्या सांगण्यावरून वरून भरलं. दुसऱ्या दिवशी करुणा गाडी घेऊन कामावर गेली आणि दुपारी फ्रीवेने परत आली. गल्लीच्या तोंडापासून गाडीचा आवाज ऐकताना धर्मपालांना एकेक गिअर खाली पडलेला कळत होता. किल्ली खुंटीला लावत करुणा म्हणाली, “शंभरवर होते बाबा, हूं का चूं नाही.” त्यांना हसताही आलं नाही.

त्या संध्याकाळी माइकची पाळी धम्मदीपची होती. आठ वाजले. पंचवीस चौकटी उजळल्या. करुणा बाबांशेजारी मांडी घालून बसली. धर्मपालांनी त्रिसरण सांगितलं, पुण्याहून धम्मदीपचा आवाज ते परत म्हणत गेला. पहिलं शील, दुसरं, तिसरं. धर्मपालांनी चौथं म्हटलं आणि थांबले.

पुण्याहून काहीच आलं नाही.

“धम्मदीप, आवाज येत नाहीये,” चित्रलेखाताई म्हणाल्या. “म्यूट झालंय का?”

“नाही ताई. माइक चालू आहे.” त्याने मान वर केली. “करुणा, गाडी बाबांच्या पाण्याने नव्हती बिघडली. तो प्लग मी चुकीचा बसवला होता. मला पहिल्या दिवसापासून माहिती होतं.”

बाकीची घरं आपापल्या चौकटीत गोठल्यासारखी बसून होती. करुणाने पडद्याकडे बघितलंच नाही. ती वडिलांकडे वळली.

“तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” धर्मपाल म्हणाले. “आठ दिवस.”

ती उठली. खुंटीवरची किल्ली काढली, चपला पायात सरकवल्या आणि दाराच्या कडीला हात घातला. गाडी बाहेर धडधाकट उभी होती, पाचही गिअर शाबूत. आठ वाजून सात मिनिटं झाली होती. करुणा कडीला हात लावून तशीच उभी राहिली, पाठमोरी. तिच्या खांद्यांवरून धर्मपालांना कळत होतं की ती रडत नाहीये, नुसती जायला जागा शोधतेय. जागा नव्हती. तिच्या नवऱ्याला यायला नव्हती, वडिलांना जायला नव्हती आणि तिला चार पावलं बाहेर पडायला नव्हती. धर्मपालांना उठून तिच्याजवळ जावंसं वाटत होतं, पण त्यांचं तोंड राहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने चपला काढल्या. परत येऊन बसली, पण या वेळी मध्ये दोन हात अंतर ठेवून.

“म्हणा बाबा,” ती म्हणाली. “लोक थांबलेत.”

“पुढचं?”

“नाही. हेच परत.”

धर्मपालांनी चौथी ओळ पहिल्यापासून म्हटली. पुण्याहून धम्मदीपने ती अडखळत परत म्हटली, आणि त्याच्या मागोमाग करुणाने, एकेक शब्द सुटा करून. किल्ली तिच्या मुठीतच होती.